हळद शिजविण्याचें वाफयंत्र व त्याचा नियंत्रक बोर्ड

माघ सरतां सरतां रिसोड, मालेगांव व वाशीम या तालुक्यांत हळदीच्या काढणीस आरंभ होतो. ओली हळद खणून काढल्यावर ती शिजविल्या-वाळविल्यावांचून तिचा बाजारचा माल होत नाहीं, आणि ढीग लावून ठेविल्यास ती तापते व कुजूं लागते. म्हणून शिजविण्याचे ते थोडे दिवस हळद पिकविणाऱ्यास वर्षाच्या सर्व मेहनतीची परीक्षाच होत. पूर्वीं हें काम उघड्या कढईंत होत असे. हल्लीं बहुतेक ठिकाणीं वाफेचे कुकर आले आहेत. आणि त्यांवर उष्णतामान, पाणी व वेळ यांची राखण करणारा एखादा बोर्ड बसवावा असें पुष्कळ तरुण शेतकऱ्यांच्या मनांत येऊं लागलें आहे. कित्येकांनीं असे बोर्ड स्वतः जुळविलेही आहेत. ते करतांना काय सांभाळावें व बिघडल्यास काय करावें, याविषयीं आम्हांस जें अनुभवानें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम वाफेचा गुण ध्यानांत घेतला पाहिजे. एक किलो वाफ हळकुंडांवर निवून तिचें पाणी होतांना सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता देते. तितकेंच उकळतें पाणी दहा अंशांनीं निवलें तर अवघ्या दहाच किलोकॅलरी मिळतात. यामुळें थोड्या पाण्यांत व थोड्या सरपणांत पुष्कळ माल शिजतो, आणि ड्रमांत वाफ सर्वत्र खेळत असल्यानें तो सारखा शिजतो. कढईंत तळचा माल जास्त व वरचा कमी शिजण्याचें भय असे. जास्त शिजलेल्या हळदीचा रंग बिघडतो. कमी शिजलेली हळद ठिसूळ राहते व तिला कीड लवकर लागते. दोन्ही प्रकारांत भाव पडतो.

आतां बोर्डाकडे वळूं. हा बोर्ड म्हणजे एक लहानसें गणकयंत्रच होय. संगणकावर हुकूम लिहावे, ते तारेनें बोर्डांत उतरवावे, व पुढें तो त्या हुकमाप्रमाणें चालतो. हुकूम पाहिजे तितक्या वेळां बदलतां येतात. इटलींतील इव्ह्रेया या गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांकरितां ‘आर्डुइनो’ नांवाचा असा स्वस्त बोर्ड निघाला. त्याचे नकाशे सर्वांस खुले ठेवल्यामुळें त्याचा प्रसार जगभर झाला. आमच्या कामास तो किंवा तत्सम कोणताही बोर्ड पुरतो. त्यास तीन डोळे द्यावे लागतात: वाफेचें उष्णतामान पाहणारा, बॉयलरांतील पाण्याची पातळी पाहणारा, व दाब पाहणारा. आणि तीन हात: चुलीचा पंखा, पाण्याचा लहान पंप, व भोंगा.

उष्णतामान मोजण्याची काडी कोठें बसवावी, यांतच अर्धें यश आहे. पुष्कळ जण ती वाफेच्या नळीजवळ बसवितात. तेथें वाफ येतांच उष्णतामान चढतें, परंतु ड्रमाच्या दुसऱ्या टोकाचीं हळकुंडें अजून थंडच असतात. काडी वाफ शिरते त्या जागेपासून सर्वांत दूर, मालाच्या मध्यावर असावी. आणि तेथें उष्णतामान ठरल्या अंकास पोंचल्यावरच बोर्डानें मिनिटें मोजण्यास आरंभ करावा. मिनिटें किती, हें पुस्तकावरून ठरवूं नये. जाती, गड्ड्यांची जाडी व ड्रमाचें माप यांप्रमाणें तें बदलतें. पहिल्या दोन-तीन खेपांत जुन्या रीतीनें हळकुंडांत काडी टोंचून, मोडून व वास घेऊन पाहावें, आणि जो वेळ योग्य ठरेल तो बोर्डास सांगावा. बोर्ड वडिलांच्या पारखीची जागा घेत नाहीं. ती पारख तो प्रत्येक खेपेस न थकतां पाळतो, एवढेंच.

काडी ‘पीटी-१००’ जातीची घेणें बरें. तिच्यांतील प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत्‌रोध शून्य अंशावर १०० ओहम व शंभर अंशांवर १३८.५ ओहम असतो. म्हणजे दर अंशास सुमारें ०.३९ ओहमचा फरक पडतो. त्यामुळें काडी दोन तारांची असून जोडतार लांब व बारीक असेल, तर त्या तारेचाच एक ओहम रोध मोजणींत मिसळून बोर्ड अडीच अंश जास्त दाखवील, आणि माल कच्चा उतरेल. तीन तारांची काडी व तीस योग्य असें मोजणीचें कार्ड घेतल्यास ही चूक टळते. प्रत्येक हंगामापूर्वीं काडी उकळत्या पाण्यांत धरून तपासावी. मात्र आपला मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंच असल्यामुळें येथें पाणी शंभर अंशांवर न उकळतां सुमारें अठ्ठ्याण्णव अंशांवर उकळतें; तेवढा आंकडा दिसल्यास काडी खरी समजावी.

पंखा चालू व बंद करण्याचे अंक एकच ठेवूं नयेत. ते एकच ठेविल्यास उष्णतामान त्या अंकाभोंवतीं हलतांच रिले क्षणोक्षणीं टकटक करूं लागतो व त्याचे स्पर्शबिंदु जळतात. दोहोंत दोन-तीन अंशांचें अंतर असावें. तसेंच पंखा व पंप बंद होतांना तारेंत उसळी येते, तिच्यानें बोर्ड भांबावतो. म्हणून बोर्डाचा वीजपुरवठा निराळा ठेवावा व रिलेवर उसळी शोषणारा घटक लावावा. खेड्यांतील वीज जाते-येते हें सर्व जाणतात. ती परत येतांच बोर्डानें सर्व हात बंद ठेवून भोंगा वाजवावा, व माणसानें कळ दाबल्यावरच काम पुढें चालवावें, असा हुकूम लिहिला पाहिजे.

हा शेवटचा नियम आम्ही नुकसान सोसून शिकलों. एका हंगामांत आम्हीं तयार बोर्ड लावलेला कुकर विकत घेतला. बोर्ड काळ्या राळेंत ओतून बंद केलेला होता. नकाशा दिलेला नव्हता, व त्यांतील हुकूमही कुलूपबंद होते. एके रात्रीं ड्रम बदलण्यासाठीं वाफेच्या दोन्ही तोट्या बंद असतां वीज चमकून गेली व आली. बोर्ड अडकला; पंखा मात्र फिरतच राहिला. पंपास हुकूम मिळेना, पाणी खालीं गेलें, दाब चढला, आणि संरक्षक झडप मोठ्यानें सुटली. आमच्या जुन्या गड्यानें प्रसंगावधान राखून प्रथम विस्तव ओढून काढला. तापलेल्या कोरड्या बॉयलरांत थंड पाणी सोडलें नाहीं, म्हणूनच अनर्थ टळला. तसें पाणी सोडल्यास त्याची एकदम वाफ होऊन पत्रा फाटतो. दुसऱ्या दिवशीं विक्रेत्यास दूरध्वनि केला, तों ‘पेटी शहरांत आणून द्या, आठ दिवस लागतील’ असें उत्तर आलें. खळ्यावर हळदीचा ढीग, मजूर बसलेले, आणि आम्ही आठ दिवस थांबणार! अखेरीस बोर्ड काढून ठेवून, घड्याळ व काडी घेऊन आम्हीं तो हंगाम हातानें पार पाडला.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, बोर्ड पंखा थांबवूं शकतो, पण चुलींतील निखारे विझवूं शकत नाहीं. म्हणून संरक्षक झडप, दाबाचें घड्याळ व पाणी दाखविणारी काचनळी हीं बोर्डावर मुळींच अवलंबून असतां कामा नयेत. सतराव्या शतकांत डेनिस पापिन यानें आपल्या वाफेच्या भांड्यास जी वजनाची झडप बसविली, तिचें तत्त्व आजही तितकेंच खरें आहे. डांबराचा जुना पिंप सांधून बॉयलर करणाऱ्यांनीं एक हिशेब करून पाहावा: सुमारें ५७ सेंटिमीटर व्यासाच्या झांकणावर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब आला, तर एकूण भार अडीच टनांवर जातो. सपाट पत्रा तो सोसत नाहीं. बॉयलरसंबंधीं १९२३ चा कायदा जाऊन त्या जागीं २०२५ चा कायदा आला आहे. पंचवीस लिटरांहून कमी मावणारीं, तसेंच ज्यांचा योजलेला व चालू असे दोन्ही दाब एक किलोहून कमी आहेत तीं यंत्रें त्यांतून वगळलेलीं आहेत. आपलें यंत्र कोणत्या वर्गांत बसतें हें करणाऱ्याकडून लेखी घ्यावें.

दुसरी गोष्ट मदतीची. ज्या बोर्डाचा नकाशा व हुकूम आपल्या हातीं नाहींत, तो बोर्ड आपला नव्हे. पुढील वर्षीं गांवांतीलच आय.टी.आय. शिकलेल्या एका मुलाकडून आम्हीं नवा बोर्ड करविला. प्रत्येक तारेस चिठ्ठी लावली, नकाशा पेटीच्या झांकणास आंतून चिकटविला, हुकमांची प्रत दोन ठिकाणीं ठेविली, आणि आधींच हुकूम उतरविलेला दुसरा बोर्ड कपाटांत ठेविला. बिघाड झाल्यास तो बदलण्यास पाव तास पुरतो. शिवाय पेटीवर एक कळ अशी ठेविली कीं ती फिरवितांच बोर्ड बाजूस होऊन पंखा व पंप हातानें चालवितां येतात.

एका गांवांतील पांच-सहा कुकरवाल्यांनीं एकाच नमुन्याचा बोर्ड घेतला, तर एक राखीव बोर्ड व एक जाणता मुलगा सर्वांस पुरेल. हळद शिजविण्यासंबंधींच्या शंका रिसोड तालुक्यांतील करडा येथील कृषि विज्ञान केंद्रांत अथवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत विचाराव्या. बोर्डाची देखभाल मात्र गांवांतच शिकून घ्यावी. हंगाम लागण्यापूर्वीं, पौषांतच, रिकाम्या ड्रमावर एकदां सर्व यंत्र चालवून पाहावें, व मुद्दाम वीज तोडून बोर्ड काय करतो तें डोळ्यांनीं बघावें. जी परीक्षा आपण दिवसाउजेडीं घेत नाहीं, ती यंत्र रात्रीं आपली घेतें.