कमी पाण्याची परसबाग : झाडे कोणती निवडावीत?



उसाच्या पाण्याचा हिशेब आपण पाळीपाळीने ठेवतो. घरामागच्या परसाचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. तो घरातल्या बाईच्या डोक्यावरच्या घागरीत जमा होतो. २०१६ सालचा उन्हाळा आठवा. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा साली परसात जे झाड जगते, तेच आपले झाड, असे आम्ही समजतो.

हल्ली नवीन बंगल्यापुढे हिरवळ लावायची हौस दिसते. हौसेला मोल नाही, पण पाण्याला आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले, तरी पंचेचाळीस लिटर झाले. म्हणजे पंधरा लिटरच्या तीन घागरी, त्याही नुसत्या गवताला!

भूमध्य समुद्राकाठच्या इटली, ग्रीस, स्पेन या देशांत उन्हाळा कोरडाच असतो. तिथले लोक अंगणात अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, द्राक्षवेल लावतात. मात्र त्यांचा पाऊस हिवाळ्यात, आपला जून ते सप्टेंबरात. म्हणून त्यांची लव्हेंडरसारखी झुडपे आपल्या काळ्या रानात, पावसाळी ओलीत कुजतात. त्यांची रोपे नव्हे, रीत घ्यावी : आपल्या हवेत तगणारे झाड निवडायचे.

आपल्याकडे पहिला मान सीताफळाचा. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर ते आपोआप वाढते, उन्हाळ्यात पाने टाकून पाणी वाचवते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच्या जोडीला शेवगा, कढीपत्ता, बोर, आवळा, कवठ. हौस म्हणून डाळिंब नि अंजीर एकेक. फुलांसाठी सदाफुली, अबोली, कुंपणाला बोगनवेल. कोपऱ्यात कोरफड. केळी आणि कर्दळ न्हाणीच्या सांडपाण्यावरच लावावी, त्यांच्यासाठी वेगळे पाणी शेंदू नये.

कण्हेर पाण्यावाचून तगते, फुलतेही छान. पण तिचे सगळे अंग विषारी आहे. गोठ्याजवळ ती नको, आणि छाटलेल्या फांद्या वैरणीत जाता कामा नयेत. बैल गेल्यावर हळहळून काय उपयोग?

झाड काटक असले तरी पहिली दोन वर्षे त्याला जपावे लागते. रोपाशेजारी मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा, पाणी भरून वर झाकण ठेवावे. पाणी पाझरत मुळाशी जाते, उन्हात उडून जात नाही. आळ्यात उसाचे पाचट चांगले वीतभर अंथरावे. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नये. फडातले पाचट पेटवून देण्यापेक्षा दोन भारे घरी आणले तर काय बिघडले?

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुलूपबंद होतात. त्या अंगणात माठ भरायलाही कुणी नसते. तिथे सीताफळ, बोर, कोरफड एवढेच लावावे आणि शेजाऱ्याला सांगून जावे.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्याही आत. तेव्हा उन्हाळ्यातच दोन फुटांचे खड्डे घेऊन तापू द्यावेत, शेणखत-मातीने भरावेत आणि चांगला पाऊस होताच रोपे लावावीत. कोणते झाड कुठे लावायचे, ते मात्र घागर वाहणारीला विचारून ठरवावे.