लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आणि घरातलं कुत्रं

वाळूजच्या बजाजनगरात घराला घर लागून. गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला की कुत्रं दिवाणाखाली शिरतं, थरथरतं, लाळ गाळतं. माणसाला 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला साधारण 45 हजारांपर्यंत. शिवाय धडाका कशाचा, हे त्याला कोण सांगणार?

दिवाणाखालून ओढून काढू नका. तिथेच गोधडी टाका, खिडक्या लावा, टीव्ही चालू ठेवा. जवळ घेतल्याने भित्रेपणा वाढतो, हा समज खुशाल सोडून द्या. फिरवणं उजेडातच उरका. पट्ट्यावर फोन नंबर हवाच. घाबरलेलं कुत्रं फाटक उघडं दिसलं की सुसाट सुटतं.

खरी तयारी गणपती उठले की सुरू करावी. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा, सोबत खाऊ. दचकलं नाही तरच पुढे वाढवायचा. औषध पशुवैद्यांना विचारूनच. काही गोळ्यांनी कुत्रं नुसतं निपचित पडतं, भीती तशीच राहते.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री 8 ते 10 ची वेळ घालून दिली. निदान तेवढी तरी आपल्या गल्लीत पाळा.