सोने कामाला कसे लागले

आपल्या घरात लोखंडी विळा असतो, तांब्याचा हंडा असतो आणि आजीच्या हातात सोन्याच्या पाटल्या असतात. पावसाळ्यात विळा कोपऱ्यात पडून राहिला की चार दिवसांत गंज धरतो. हंडा चिंचेने घासला नाही तर काळवंडतो. पाटल्या मात्र लग्नात घातल्या तशाच, साठ वर्षांनंतरही पिवळ्याधमक. हवा, पाणी, घाम, चुलीचा धूर, कशाचे म्हणून त्यांना काही वाटत नाही.

शाळेच्या पुस्तकात हीच गोष्ट ‘सोने हा निष्क्रिय धातू आहे’ या शब्दांत असते. मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक नव्हे, पण हे वाक्य मीही पाठ केले होते. आमच्या कॉलेजातले रसायनाचे सहकारी एकदा चहा घेता घेता म्हणाले, “अहो, ते वाक्य अर्धंच आहे. सोनं बारीक करा, मग बघा ते काय करतं!” किती बारीक, आणि बारीक केल्याने असे काय होते, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी एक शब्द पक्का करू: उत्प्रेरक. गावात लग्न जुळवणारे एखादे गृहस्थ असतात. ते दोन घरांची गाठ घालून देतात. लग्न लागते, आणि गृहस्थ पुढच्या स्थळाकडे वळतात. ते स्वतः बोहल्यावर चढत नाहीत. रसायनात असे काम करणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. आपण पिकाला युरिया घालतो. तो ज्या अमोनियापासून बनतो, तो अमोनिया तयार करताना लोखंड मध्यस्थी करते. तेलापासून वनस्पती तूप करताना हेच काम निकेल करते. या यादीत प्लॅटिनम होते, पॅलेडियम होते. सोने मात्र जवळजवळ नव्हतेच. जो धातू कोणाशी बोलतच नाही, तो मध्यस्थी काय करणार?

हा समज हलला तो जपानात. ओसाका येथील सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत मासाताके हारुता नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनी सोन्याचा क्षार आणि लोखंडाचा क्षार एकाच द्रावणात घेतले, दोन्हींचा एकत्र साका पाडला, तो धुतला, वाळवला आणि भट्टीत तापवला. हाती आली लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी, आणि तिच्यावर चिकटलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण. या भुकटीवरून हारुतांनी कार्बन मोनॉक्साइड वायू आणि हवा सोडली. त्या विषारी वायूचा प्राणवायूशी संयोग होऊन साधा कार्बन डायऑक्साइड तयार झाला. उष्णता द्यावी लागली नाही. शून्याखाली ७० अंश सेल्सिअसलाही हे काम चालले! हा निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाला.

आता कोणी विचारील, हे आधी कोणाला कसे दिसले नाही? कारण असे की, जुन्या रीतीने केलेल्या उत्प्रेरकात सोन्याचे कण मोठे होत. सोन्याच्या क्षारातला क्लोरीन मागे राहिला की तापवताना कण एकमेकांना मिळत आणि त्यांचा गोळा होई. हारुतांचे कण मात्र पाच नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान राहिले. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

एवढे बारीक केल्याने काय साधते? एक हिशोब करून पाहू. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा सोन्याचा ठोकळा घ्या. वजन १९ ग्रॅमच्या थोडे वर, म्हणजे जुन्या मापाने दीड तोळ्याहून थोडे अधिक. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. आता याच ठोकळ्याचे पाच नॅनोमीटरचे तुकडे केले अशी कल्पना करा. सोने तेवढेच, पण सगळ्या तुकड्यांचा पृष्ठभाग मिळून भरेल १२०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बारा गुंठे! मुठीत मावणाऱ्या सोन्याची बारा गुंठे जमीन झाली. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर चालते. तेव्हा जमीन वाढली की पीकही वाढणार.

पण गोष्ट इथेच संपत नाही. नुसती जमीन वाढून भागत नाही, जमिनीचा कसही बदलतो. बाजारात संत्र्यांची नीट रचलेली रास आठवा. राशीच्या पोटातले संत्रे बारा संत्र्यांना टेकलेले असते. वरच्या सपाट थरातल्या संत्र्याला नऊ शेजारी. अगदी कोपऱ्यावरच्या संत्र्याला पाच-सहाच. सोन्याचे अणूही असेच रचलेले असतात. पोटातला अणू चहूबाजूंनी जखडलेला. कोपऱ्यावरच्याचे हात मोकळे. हात मोकळे असलेला अणूच जवळून जाणाऱ्या वायूला धरू शकतो.

पाटलीतले बहुतेक सगळे अणू पोटातले. पण तेरा अणूंचा एक पुंजका घेतला, तर त्यात बारा अणू बाहेर आणि एकच आत. पंचावन्न अणूंचा घेतला, तर बेचाळीस बाहेर. ५६१ अणूंच्या पुंजक्यात २५२ बाहेर, म्हणजे निम्म्याहून कमी. पुंजका जसा वाढतो, तसे मोकळे हात कमी होतात आणि सोने पुन्हा आजीच्या पाटलीसारखे स्वस्थ बसते.

शिवाय हा कण कशावर बसला आहे, यालाही महत्त्व आहे. लोखंडाचे किंवा टायटॅनियमचे ऑक्साइड खाली असले तर सोने चांगले काम करते. कण आणि त्याची बैठक जिथे भेटतात त्या बांधावरच प्राणवायू कामाला तयार होतो, असे बरेच संशोधक मानतात. नेमके कसे, यावर अजून वाद आहेत. शास्त्रात वाद असणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे.

या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय, असे आपण विचाराल. दोन गोष्टी सांगतो.

पहिली कार्बन मोनॉक्साइडची. थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. तो हाच वायू. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो अडवतो. साध्या हवेच्या तापमानाला त्याचा नाश करणारा उत्प्रेरक म्हणूनच मोलाचा आहे. पण सोन्याची भुकटी घरोघर येईल तेव्हा येईल. तोवर शेगडी बाहेर ठेवा, खिडकी उघडी ठेवा. त्याला एक पैही लागत नाही.

दुसरी गोष्ट पाऱ्याची. जपानमधल्या मिनामाता गावी १९५६ साली एक विचित्र आजार नोंदला गेला. माणसांचे हातपाय लुळे पडत, बोलणे अडखळे. एका कारखान्यात पारा उत्प्रेरक म्हणून वापरीत. त्यातून तयार झालेले विष समुद्रात गेले, माशांत गेले आणि मासे खाणाऱ्यांच्या शरीरात गेले. उत्प्रेरक कोणता निवडावा हा केवळ प्रयोगशाळेचा प्रश्न नाही, तो कोळ्याच्या घरातल्या मुलाचाही आहे.

आपल्या शेतातला पीव्हीसीचा पाइप ज्या वायूपासून होतो, तो चीनमधले बरेच कारखाने कोळशापासून मिळणाऱ्या ॲसिटिलीनपासून करतात, आणि तिथेही पाऱ्याचाच क्षार उत्प्रेरक म्हणून चालत आला आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम हचिंग्ज यांनी १९८५ सालीच भाकीत केले होते की या क्रियेला सोने सर्वांत चांगले ठरेल. प्रयोगाने ते खरे ठरले. पुढे कळले की इथे तर पुंजकेही नव्हेत, कोळशाच्या भुकटीवर विखुरलेले सोन्याचे एकेक सुटे अणू काम करतात. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, त्याला मिनामाताचेच नाव दिले, आणि तो २०१७ पासून अमलात आहे. सोन्याचे उत्प्रेरकही आता कारखान्यात उतरले आहेत.

सोन्यातही खोड आहे. उष्णतेने कण पुन्हा एकत्र येतात, मोठे होतात आणि कामातून जातात. त्यांना वेगळे कसे ठेवावे, यासाठी संशोधकांची खटपट चालू आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना. औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड दोन पेल्यांत थोडे थोडे घ्या. ते अंगाला, डोळ्यांना लागू देऊ नका. एका पेल्यात कच्च्या बटाट्याची एक फोड टाका, दुसऱ्यात तेवढाच बटाटा किसून टाका. फेस दोन्हींत येईल. किसलेल्यात तो भराभर येईल. बटाट्यातला उत्प्रेरक पेरॉक्साइडमधून प्राणवायू मोकळा करतो, आणि पृष्ठभाग वाढला की काम वाढते, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग फळ्यावर लिहा, ‘सोने निष्क्रिय आहे’. आणि मुलांनाच विचारा: किती सोने, केवढ्या कणाचे, आणि कशावर बसलेले?