खिशातला चाकू आणि बगीच्याचं नशीब

शेतकरी बंधूंनो, जरा बंडीचा खिसा चाचपून पाहा. तंबाखूची पुडी सापडेल, सातबाऱ्याची घडी सापडेल आणि बहुतेकांच्या खिशात एक छोटा मिटणारा चाकूही सापडेल. सुतळी कापायला, पोत्याचं तोंड उघडायला, ढोराच्या गळ्यातली आवळलेली दोरी सोडवायला आणि धुऱ्यावर बसून कांदा चिरायला तोच उपयोगी पडतो. ही वस्तू आपण इतकी गृहीत धरतो, की तिच्याकडे नीट पाहतच नाही. पण संत्र्याच्या पट्ट्यात याच घडीच्या चाकूवर बगीच्याची वीस-पंचवीस वर्षं अवलंबून असतात. म्हणून आज थोडं त्याच्याविषयी.

वरूड तालुक्यातलं शेंदुरजना घाट हे संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध गाव. थंडीच्या दिवसांत तिथे गेलात, तर डोळा भरणारे कारागीर वाफ्यात ओणवे झालेले दिसतील. हातात लाकडी मुठीचा, बोटाएवढ्या पात्याचा चाकू. काही चाकूंना दुसऱ्या टोकाला पितळेची किंवा हाडाची चपटी पट्टी असते. ती साल उचलण्यासाठी. जंबेरीच्या पेन्सिलएवढ्या जाड खुंटावर, जमिनीपासून साधारण २२ ते २५ सेंटिमीटर उंचीवर, इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, डोळकाडीवरून ढालीसारखा काढलेला डोळा आत सरकवायचा आणि पॉलिथिनच्या पट्टीने बांधायचा. सरावलेल्या हाताला हे करायला पळभरही लागत नाही.

धार बोथट, तर डोळा वाळला

सालीखाली एक ओलसर, हिरवट, पातळ थर असतो. खुंटाचा आणि डोळ्याचा हा थर एकमेकांना भिडला, तरच सांधा जुळतो. बोथट पातं हा थर कापत नाही, चेंगरतं. चेंगरलेला भाग काळा पडतो आणि डोळा वाळतो. दोष मग हवेला नाहीतर डोळकाडीला दिला जातो.

कलमाच्या बहुतेक चांगल्या चाकूंना धार एकाच बाजूने असते. दुसरी बाजू सपाट असते. त्यामुळे काप सरळ आणि गुळगुळीत येतो. डावखुऱ्या माणसाला म्हणूनच उलट बाजूचं पातं लागतं. असा चाकू फिरत्या चाकाच्या धारवाल्याकडे देऊ नका. तो दोन्ही बाजू घासून टाकतो आणि चाकावर पातं तापलं, की पोलादाचं पाणी उतरतं. मग धार टिकत नाही. बारीक दगडावर पाणी टाकून सावकाश घासा, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवा. धार अंगठ्याने तपासू नका, कागदावर तपासा.

आणि एक पथ्य पाळा. ठिबकची नळी कापायचा चाकू वेगळा, कलमाचा वेगळा. दोन्ही कामं एकानेच केलीत, तर पात्याला खांडं पडलीच म्हणून समजा.

रोग चाकूवर बसून येतो

आता मुद्द्याची गोष्ट. लिंबूवर्गीय झाडांमध्ये एक्सोकॉर्टिस नावाचा रोग आहे. तो विषाणूहूनही लहान अशा रोगकणामुळे होतो आणि रोगट झाडाचा रस लागलेल्या चाकूतून थेट निरोगी झाडात जातो. रंगपूर लिंबाच्या खुंटावर त्याची लक्षणं दिसतात: साल फाटते, झाड खुजं राहतं. जंबेरी मात्र तो निमूट सहन करते. म्हणजे रोग आत आहे हे बाहेरून कळतही नाही आणि तिथून घेतलेल्या डोळकाडीबरोबर तो पुढे जात राहतो.

पुष्कळांची समजूत असते, की पातं काडीवर शेकलं किंवा स्पिरिटने पुसलं की झालं. या रोगासाठी तेवढं पुरत नाही. सोडियम हायपोक्लोराइटचं १ टक्क्याचं द्रावण वापरा. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल, तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी. एका मातृवृक्षाच्या काड्या संपल्या की दुसऱ्याला हात लावण्याआधी पातं त्यात बुडवा, मग पाण्याने धुऊन पुसा. हे द्रावण पोलाद खातं, म्हणून संध्याकाळी तेलाचा हात फिरवायला विसरू नका. डाळिंबवाल्यांनी तेल्या रोगासाठी छाटणीच्या कात्रीलाही हाच नियम लावावा.

रोपं विकत घेणाऱ्यांनी रोपवाटिकेत भावाची घासाघीस करण्याआधी एक प्रश्न विचारावा: "भाऊ, चाकू कशात बुडवता?" उत्तर देताना समोरचा गडबडला, तर पुढच्या वाटिकेत जा. पहिली फळं यायला चार-पाच वर्षं लागतात. चूक तेव्हा कळून काय उपयोग?

कायद्याचं काय?

घडीच्या चाकूचं नाव खराब केलं ते रामपुरीने. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा खटका असलेला, लांब पात्याचा चाकू हिंदी सिनेमातल्या गुंडांच्या हाती गेला आणि बदनाम झाला. तरी त्या शहराला त्याचा अभिमान आहे. २०२३ साली तिथल्या चौकात सुमारे २० फुटांचा चाकू उभारण्यात आला.

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामासाठी बनवलेली वगळलेली आहेत. आपला कलमाचा चाकू या मापात कुठेच बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला, की चाकूच काय, काठी बाळगायलाही बंदी घालता येते. सणासुदीला, निवडणुकीत असे आदेश निघतात. पोलीस पाटलांनी आणि ग्रामपंचायतीने ते फलकावर लावून न थांबता दवंडीसारखे तोंडी सांगावेत. अशा दिवशी गावात जाताना चाकू खोपीतच राहू द्या.

शेवटचं एक. मिटणाऱ्या साध्या चाकूला खटका नसतो, केवळ कमानीच्या जोरावर पातं उभं राहतं. टोकाने भोसकू नका. पातं मिटून बोटावर येतं. बोट कापलंच, तर माती-हळद न भरता साबणाच्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा.

तेव्हा आज दिवेलागणीला चाकू बाहेर काढा. उघडा, पुसा, धार पाहा. काम पाच मिनिटांचं आहे, बगीचा मात्र पोराबाळांचा आहे.