मोठ्यांची प्रश्नावली, छोट्यांची येणी

बर्मिंगहॅम : या शहराच्या आसपास मोटारींचे सुटे भाग बनवणारे छोटे-मोठे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. २०२५च्या सप्टेंबरात त्यांतल्या अनेकांचं काम ठप्प झालं. त्यांच्या संगणकांना कुणी हातही लावला नव्हता. हल्ला झाला होता त्यांच्या गिऱ्हाइकावर, जग्वार लँड रोव्हरवर. २००८पासून ही कंपनी आपल्या टाटा समूहाची आहे. ऑगस्टच्या अखेरीस घुसखोरी लक्षात येताच कंपनीनं आपली संगणक यंत्रणा बंद केली आणि सोलिहल, हेलवूड, वुल्व्हरहॅम्प्टन इथलं उत्पादन थांबलं. ते टप्प्याटप्प्यानं सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

मोटार उद्योगात माल साठवून ठेवत नाहीत. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच मागवतात. त्यामुळे वरची ऑर्डर थांबली की खालचा कारखाना त्याच आठवड्यात अडकतो. माल पडून राहतो, बिलं निघत नाहीत. पगार, भाडं आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच. सरकारनं दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली, पण कर्ज मोठ्या कंपनीचं. त्यातून पैसा खालपर्यंत झिरपेल अशी अपेक्षा होती. पुढे कंपनीनंही पुरवठादारांना आगाऊ रकमा देण्याची योजना काढली. तोवर काहींनी कामगार कमी केले होते. सायबर मॉनिटरिंग सेंटर या इथल्या स्वतंत्र संस्थेनं देशाचं नुकसान १.९ अब्ज पौंड धरलं आणि झळ पाच हजारांहून अधिक संस्थांना बसल्याचं सांगितलं.

ब्रिटनमधला छोटा उद्योजक आज असा दोन बाजूंनी कात्रीत आहे. एक धोका त्याच्या स्वतःच्या दारातून येतो, दुसरा गिऱ्हाइकाच्या.

स्वतःच्या दारातल्या धोक्याचं इथलं बोलकं उदाहरण म्हणजे नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या केटरिंगची केएनपी लॉजिस्टिक्स. तिचा मूळ व्यवसाय 'नाइट्स ऑफ ओल्ड' १८६५पासूनचा. पाचशेच्या आसपास ट्रक आणि सुमारे सातशे माणसं, म्हणजे कंपनी तशी अगदी लहानही नव्हती. सायबर विमाही उतरवलेला होता. जून २०२३मध्ये 'अकिरा' या खंडणीखोर टोळीनं तिचा सगळा डेटा कुलूपबंद केला. एका कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड ओळखून टोळी आत शिरली असावी, असं मानलं जातं. बॅकअपही गेले. ट्रक रस्त्यावर होते, गिऱ्हाइकं होती. पण हिशेबाची कागदपत्रं हाती नसल्यानं नवं भांडवल उभं राहीना. सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेली. धंदा बुडायला माल खराब असावा लागतो किंवा मागणी आटावी लागते, हा जुना समज इथे खोटा ठरला. कुणाकडून किती येणं आहे हे सांगता आलं नाही, तरी धंदा बुडतो.

बहुतेकांवरचा घाला मात्र इतका नाट्यमय नसतो. एखाद्या पुरवठादाराचं ईमेल खातं कुणाच्या तरी हाती लागतं. तो आठवडाभर काही करत नाही, नुसता वाचतो. बिल कधी जातं, अकाउंट्स कोण पाहतं, साहेब सुट्टीवर कधी जाणार, हे सगळं टिपून घेतो. मग शुक्रवारी दुपारी, त्याच पत्रव्यवहारात, त्याच भाषेत, खऱ्या बिलाची हुबेहूब प्रत येते. रक्कम बरोबर, ऑर्डर क्रमांक बरोबर, बदललेला असतो तो फक्त बँक खात्याचा तपशील. 'आमची बँक बदलली आहे', एवढी एक ओळ. सोमवारी खरा पुरवठादार पैसे मागायला फोन करतो तेव्हा उलगडा होतो.

यावर ब्रिटिश बँका पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव जुळतं का ते दाखवतात. पण घाईतली माणसं 'नाव जुळत नाही' ही सूचना ओलांडून पुढे जातात. ऑक्टोबर २०२४पासून अशा फसवणुकीत ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांना द्यावी लागते, पण ती सामान्य ग्राहकांना, छोट्या धर्मादाय संस्थांना आणि दहाहून कमी माणसांच्या अतिलघु उद्योगांना. पंधरा माणसांचं वर्कशॉप असेल तर हा नियम त्याच्या कामाचा नाही.

मग सरकार करतं काय? ब्रिटिश स्वभावाला धरून ते फर्मान काढत नाही, प्रमाणपत्र देतं. 'सायबर इसेन्शियल्स' ही योजना २०१४पासून आहे. तिच्यात पाच गोष्टी पाहतात : फायरवॉल, उपकरणांची सुरक्षित मांडणी, वेळेवर अपडेट, कुणाला कशात शिरता येतं यावर ताबा आणि मालवेअरपासून बचाव. प्रश्न मोघम नसतात. गंभीर त्रुटीवरचा अपडेट निघाल्यापासून चौदा दिवसांत बसवता का? रोजचं ईमेल उघडायला ॲडमिनचं खातं वापरत नाही ना? ऑनलाइन खात्यांना पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी आहे का? उत्तरं खरी आहेत अशी सही संचालकानं करायची. संपूर्ण कंपनीसाठी हे प्रमाणपत्र घेतलं आणि उलाढाल दोन कोटी पौंडांच्या आत असली, तर २५ हजार पौंडांचा सायबर विमाही सोबत मिळतो.

योजना चांगली, पण सरकारच्याच २०२५च्या पाहणीत शंभरातल्या जेमतेम बारा व्यवसायांनी तिचं नाव ऐकलं होतं. त्याच पाहणीत ४३ टक्के व्यवसायांनी वर्षभरात काही ना काही हल्ला किंवा घुसखोरी अनुभवल्याचं सांगितलं.

त्यामुळे खरी सक्ती सरकारकडून येत नाही, ती खरेदी खात्याकडून येते. मोठी कंपनी ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला प्रश्नावली धाडते : प्रमाणपत्र आहे का, विमा आहे का, बॅकअप वेगळा ठेवता का? हे रास्तच आहे, कारण मोठ्या घरात शिरायला छोट्याचं दार सोपं पडतं. नोव्हेंबर २०२५मध्ये संसदेत आलेलं सायबर सुरक्षा विधेयकही छोट्या कारखानदाराला थेट हात घालत नाही. ते पकडतं त्याचे संगणक सांभाळणाऱ्या मध्यम आणि मोठ्या आयटी कंत्राटदारांना. गंभीर घटना चोवीस तासांत कळवण्याचं बंधन त्यांच्यावर येईल. आजवर अशा कंत्राटदाराच्या चुकीचा भुर्दंड गिऱ्हाइकानं गुपचूप सोसायचा, अशी रीत होती.

मात्र या सगळ्या व्यवस्थेत प्रश्न एकाच दिशेनं जातात. छोट्यानं मोठ्याला आपण सुरक्षित असल्याचं पटवून द्यायचं. मोठ्याचं दार फुटलं तर येणी कधी मिळतील, याचं उत्तर कंत्राटात शोधून सापडत नाही. इथल्या कंपन्यांना माल देणाऱ्या चाकण-भोसरीच्या उद्योजकांकडेही अशा प्रश्नावल्या येतील. त्या नीट भराव्यात, बॅकअप खरोखर परत उघडतो का ते करून पाहावं, आणि बँक खातं बदलल्याचं पत्र आलं तर जुन्याच नंबरवर फोन करून विचारावं. पण सही करण्याआधी आपलाही एक प्रश्न खाली लिहावा : तुमची यंत्रणा पाच आठवडे बंद पडली, तर आमचं बिल कोण आणि कितव्या दिवशी चुकतं करणार?