पायांशिवाय झाडावर

सूरपारंब्याचा डाव मांडला की पायानं अधू असलेल्या पोराच्या वाट्याला फार तर काठी राखणं येतं. पण झाडावर जायला पायच लागतात असं नाही. पीटर जेंकिन्स यांनी 1983 मध्ये अमेरिकेत अटलांटाला हौशी वृक्षारोहणाची शाळा काढली, तिथला मुख्य आधार दोर होता. पुढे जपानच्या, चालू न शकणाऱ्या तोशिको हिकोसाका दोरानंच कॅलिफोर्नियातल्या अजस्र सेक्वोया वृक्षावर चढल्या. भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात एखाद्या चिंचेवर हे कसं जमवता येईल?

आधी झाड पारखायचं. वड, चिंच, कडुनिंब चालतात. शेवग्याची फांदी कडकन मोडते. वाळकी लाकडं, ढोल्या, आग्या मोहोळ खालूनच पाहून घ्यायचं. पातळ दोरीला वजनाची पिशवी बांधून ती मांडीएवढ्या जाड, जिवंत फांदीवरून टाकायची आणि तिच्यामागून चढाईचा दोर ओढून घ्यायचा. विहिरीचा नाडा इथे चालत नाही.

दोराचं एक टोक कमरेच्या पट्ट्याला. फांदीवरून परत आलेल्या दोरावर पट्ट्याला जोडलेली सरकगाठ. दोर खाली ओढला की गाठ वर सरकते, सोडला की आवळते. भार दोन पदरांवर वाटला जातो, म्हणून साठ किलोच्या माणसाला घर्षण सोडून तीस किलोचाच जोर लागतो. धडधाकट माणूस त्यात पायाचाही रेटा देतो. नुसत्या हातांनी चढणाऱ्यासाठी कप्प्या लावून चार पदर केले की जोर पंधरा किलोवर येतो. मात्र मीटरभर चढायला चार मीटर दोर ओढावा लागतो.

आता शरीर. धड सावरायला छातीचा पट्टा, पाय खोडावर खरचटू नयेत म्हणून गुडघ्यांना मऊ आधार. संवेदना नसलेल्या त्वचेला पट्टा रुतला तरी कळत नाही, म्हणून दर काही मिनिटांनी भार हलवायचा आणि उतरल्यावर त्वचा तपासायची. लघवीची पिशवी आधी रिकामी करायची. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर रक्तदाब एकदम चढू शकतो. त्यामुळे डॉक्टरांना आधी विचारायचं. डोकं ठणकलं, घाम फुटला तर लगेच खाली आणून ताठ बसवायचं आणि पट्टे सैल करायचे.

दुसरा, सुरक्षेचा दोर प्रशिक्षित माणसाच्या हातात हवाच. पण त्यानं ओढून वर न्यायचं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं करमणूक आणि खेळाचा हक्क मान्य केला आहे, आणि खेळ तेव्हाच आपला होतो जेव्हा दोर आपल्या हातात असतो. किती उंच जायचं, हे चढणाऱ्यानंच ठरवायचं.