दहा बाय दहाच्या खोलीतला स्टिरिओ

एकलहऱ्यातल्या माणसाला वॉट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. गावच्या औष्णिक वीज केंद्रातले २१० मेगावॉटचे संच लहान पोरांच्याही बोलण्यात असतात. तरीही दिवाळीच्या सेलमध्ये खोक्यावर ‘३००० वॉट पीएमपीओ’ वाचून याच गावातली माणसं भुलतात. पीएमपीओ म्हणजे क्षणभर, तेही कागदावर, निघू शकणारी कमाल शक्ती. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत निघणाऱ्या शक्तीचा. त्याहून खरी परीक्षा म्हणजे स्पीकरबरोबर आलेल्या अ‍ॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचणं. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर आत जातात २४ वॉट. बाहेर सतत त्याहून जास्त कसे निघतील?

आणि एवढे वॉट लागतात तरी कुठे? लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, पोस्टर करणारा किंवा भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग नीट करून देणारा माणूस स्पीकरपासून हातभर-दीड हातावर बसतो. साधारण स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो, म्हणजे बंद खोलीत बऱ्यापैकी मोठा. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. प्रत्येक बाजूला २० खरे वॉट असले तरी शेजारी दार वाजवतील.

पैसे वॉटवर घालवू नयेत, ते खोलीवर आणि स्पीकरवर घालवावेत, असं माझं ठाम मत आहे. क्वार्टरमधली किंवा घरावर काढलेली कामाची खोली बहुधा दहा बाय दहाची, वर स्लॅब, खाली टाइल्स. अशा खोलीत टाळी वाजवली की झणझण ऐकू येते. त्याहून मोठी अडचण खालच्या सुरांची. दहा फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो. लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे तोच सूर दोन्हीकडून फुगतो. छतही दहा फुटांवर असेल तर तिन्हीकडून. कोपऱ्यात ढोल गडगडतो आणि खोलीच्या बरोबर मध्ये बसलं तर तोच ढोल गायब होतो. अशा ठिकाणी स्पीकर बदलून काही होत नाही. टेबल हलवावं लागतं: मध्यही नको, कोपराही नको.

दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, सुमारे तीन फुटांचा. वरचे सूर काढणारा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीला यावा. टेबलावर स्पीकर बुटके पडतात, म्हणून खाली वीट ठेवायची. कोळशाच्या राखेच्या विटा आपल्याकडे काही दुर्मीळ नाहीत. विटेवर जुन्या रबरी चपलेचा तुकडा ठेवला की टेबल थरथरत नाही. मग खुर्चीत बसून दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगायचं. आरशात ट्वीटर दिसेल तिथे गोधडी टांगायची. पातळ पडद्यानं भागत नाही, जाड वाकळ हवी. तीही वरचेच सूर शोषते. खालच्या सुरांना पुस्तकांनी भरलेलं कपाट थोडाफार आळा घालतं.

एवढं झाल्यावर एखादी जुनी मोनो तबकडी लावावी, बालगंधर्वांची असेल तर उत्तमच. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरांतून तेच. मांडणी जमली असेल तर गळा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच ठेवलेलं नाही, तिथून येतो. एकीकडे ओढला जात असेल तर खुर्ची तपासा. दोन कानांची ही गंमत ओळखून ॲलन ब्लुमलिन या इंग्रज इंजिनिअरनं डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला मात्र १९५८ उजाडलं.

आता स्पीकरमधली घूं घूं. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०, आणि तेच ५० हर्ट्झ आपल्या घरात येतात. लॅपटॉप एका बोर्डावर, स्पीकर दुसऱ्यावर असला की अर्थिंगच्या वाटांत फरक पडतो आणि ते स्पीकरमधून ऐकू येतं. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या; बहुतेकदा थांबतं. तिसरी पिन कापून आवाज बंद करणारे महाभाग असतात, त्यांचं ऐकू नये. शॉक बसायची सोय असते ती. जुन्या घरात आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं.

खरेदीचं म्हणाल तर आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेली, चार इंची वूफरची जोडी साधारण आठ ते पंधरा हजारांत बसते. नवख्यानं हीच घ्यावी. ब्लूटूथ असलं तरी एडिटिंगला वायरच लावा, नाहीतर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. सब-वूफर तर या खोलीत नकोच.

हात चालतो त्यांना दुसरी वाट आहे. जुने लाकडी पेटीचे स्पीकर आणि २४ व्होल्टवर चालणारं छोटं क्लास-डी ॲम्प्लिफायर बोर्ड. जुने घेताना कोनाभोवतीचा फोम हलक्या बोटानं दाबून बघा. पीठ होऊन हाताला लागला तर किंमत पाडून मागा. वायरींचा रंग उडाला असेल तर पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोन पुढे सरकला तर सेलचं प्लस टोक टेकलेली वायर स्पीकरची प्लस. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर खालचे सूर एकमेकांना खातात, आणि गिऱ्हाईक बिचारं अ‍ॅम्प्लिफायर बदलत बसतं.